दहानंतरची गिटार

रेडिओ केंद्रावरून फोन आला की आम्हा कवींना वाटतं, आता कविता वाचायला बोलावणार. या वेळी मीच म्हणालो, "कविता राहू द्या. मला गिटारच्या नकली ॲम्प्लिफायरवर बोलायचंय." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग हळूच विचारणा झाली, "तुम्ही गिटार वाजवता?" नाही, मंडळी. मी साधा बी. ए., तोही मराठी विषय घेऊन. गिटार माझी भाची वाजवते. पण गेल्या वर्षी तिच्यासाठी एक सॉफ्टवेअर निवडताना मामा-भाचीने मिळून जी खटपट केली, तिच्यातून मला जे कळलं ते पुष्कळ घरांत उपयोगी पडेल असं वाटतं.

भाची कोंढव्याला राहते. दोन खोल्यांचं घर. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या. त्या शिकवण्यांच्या पैशांतून तिने इलेक्ट्रिक गिटार घेतली. स्वतःसाठी वेळ मिळतो तो रात्री दहानंतर. तेव्हा पलीकडच्या खोलीत तिची दादी झोपलेली असते. दादीला दम्याचा त्रास, झोप आधीच कमी, आणि पहाटे फजरच्या नमाजाला उठायचं. शेजारचे भिंतीला भिंत लावून. सोबत एक लहानसा ॲम्प घेतला होता, पण तो आठवडाभरात पलंगाखाली गेला. माझे मेहुणे म्हणाले, "विकून टाक गिटार, आणि अभ्यासाला लाग." प्रश्न एवढाच होता की ही मुलगी वाजवणार कधी आणि कशावर.

आधी हे समजून घेऊ की इलेक्ट्रिक गिटारला ॲम्प लागतो कशाला. साध्या गिटारीला पोकळ पोट असतं, त्यातून आवाज मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं. नुसती छेडली तर टिचकी मारल्यासारखी वाजते. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती वाढवून स्पीकरमध्ये नेतो तो ॲम्प. म्हणजे ॲम्प हा गिटारचा नुसता लाऊडस्पीकर नव्हे, तिचं अर्धं शरीर आहे.

जुने ॲम्प व्हॉल्व्हचे. आमच्या आजोबांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर आधी आत तांबूस उजेड पडायचा, आणि मग आवाज यायचा. तेच हे व्हॉल्व्ह. त्यांची एक गंमत अशी की ताकदीबाहेर आवाज मागितला की ते एकदम फाटत नाहीत. आवाजाच्या लाटेचा शेंडा हळूहळू चपटा करतात आणि त्यातून मूळ सुराचे नवे उपसूर उमटतात. रेडिओत हा दोष, गिटारमध्ये हाच गुण. अमेरिकेतल्या फेंडरचे ॲम्प असोत, की लंडनच्या जिम मार्शल यांनी 1962 पासून विकायला सुरुवात केलेले मार्शल असोत, त्यांची ख्याती याच गोड खरखरीवर उभी आहे.

आता अडचण अशी की ही खरखर मिळवायला ॲम्प जोरात लावावा लागतो. मोठा व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण सोडला तर जवळ आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची ताकद दहापट होते. 45 वरून 105 म्हणजे दहा लाख पट. पुणेकरांना या दहाच्या ठोक्याची ओळख आहेच. पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, तोसुद्धा या नियमामुळे वेळेत आवरायला लागला. मग कोंढव्याच्या दोन खोल्यांची काय कथा!

म्हणून ही मंडळी हेडफोन लावतात आणि कॉम्प्युटरलाच ॲम्पचं सोंग घ्यायला लावतात. त्याला म्हणायचं ॲम्प सिम्युलेशन, मुलांच्या भाषेत 'ॲम्प सिम'. नाव ऐकून जाणकार नाक मुरडतात. पण असं नाक आपण एकदा मुरडून बसलो आहोत. मिरजेच्या शिकलगारांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यातून तंबोरे घडवले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि 1979 च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आज तो मोबाइलमध्ये आहे. त्याला मिरजेच्या तंबोऱ्याची सर आहे असं कोणी गवई म्हणणार नाही. पण चाळीत, हॉस्टेलवर, परगावच्या खोलीत रियाज त्याच्यावर होतो. रियाज न होण्यापेक्षा तो बरा. नकली ॲम्पकडेही मी याच नजरेने पाहतो.

हे सॉफ्टवेअर करतं काय? त्याची मुख्य कामं दोन. पहिलं, ॲम्पच्या आतल्या विजेच्या वागण्याची नक्कल. ती दोन रीतींनी होते. एक रीत म्हणजे ॲम्पचा नकाशा घेऊन त्यातला प्रत्येक भाग गणितात मांडायचा. दुसरी रीत म्हणजे खऱ्या ॲम्पमध्ये ठरावीक आवाज सोडायचे, बाहेर काय येतं ते नोंदवायचं आणि आत-बाहेरचा संबंध कॉम्प्युटरला शिकवायचा. मिमिक्री करणारा कलाकार नेत्याचा घसा उघडून बघत नाही, भाषणं ऐकून आवाज उचलतो, तसं. अशा उचललेल्या आवाजाच्या फाइलीला 'कॅप्चर' म्हणतात.

दुसरं काम स्पीकरच्या पेटीचं आणि तिच्यासमोर ठेवलेल्या माइकचं. विजापूरच्या गोल घुमटात एक टाळी वाजवा, ती घुमून घुमून परत येते. ती एक टाळी तुम्ही नीट रेकॉर्ड केलीत, तर घुमटाची सही तुमच्या हाती आली. मग गणिताने कोणताही आवाज त्या घुमटात काढल्यासारखा ऐकवता येतो. स्पीकरच्या पेटीचीही अशीच सही घेता येते. तिला 'इम्पल्स रिस्पॉन्स' म्हणतात. छोटीशी फाइल असते. नवशिक्यांना वाटतं, ॲम्प महत्त्वाचा आणि पेटी दुय्यम. प्रत्यक्षात ही सही बदलली की तोच ॲम्प ओळखू येत नाही. भाचीला आधी सगळे आवाज डासासारखे वाटत होते, ते या पेटीचा भाग चुकून बंद राहिल्यामुळे.

हा धंदा तसा नवा नाही. लाइन सिक्स कंपनीची 'पॉड' नावाची लाल पेटी 1998 साली आली. ॲम्पलीट्यूब 2002 मध्ये, गिटार रिग 2004 मध्ये. त्याच वर्षी ॲपलने गॅरेजबँडमध्ये गिटारचे ॲम्प घालून दिले. 2011 मध्ये केम्पर या जर्मन यंत्राने खऱ्या ॲम्पचा आवाज उचलण्याची रीत रूढ केली. अलीकडे हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीचं नाव मुलांच्या तोंडी असतं. आणि स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी तयार केलेलं 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' तर चक्क फुकट आहे. म्हणजे निवड करणाऱ्याला तोटा नाही, आणि खरा तोटा तिथेच होतो.

आमचा झाला. भाचीने साठवलेले 8,400 रुपये देऊन एक मोठं सॉफ्टवेअर घेतलं. नाव घेत नाही, कारण दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. त्यात ॲम्प भरपूर, पेट्या भरपूर, पायाने दाबायची पेडलं तर मोजून दमावं इतकी. दीड महिन्याने मी विचारलं, "काय बसवलंस?" ती म्हणाली, "मामू, अजून टोन सापडला नाही." रोज रात्री ती बटणं फिरवत होती. मला एकदम माझीच गोष्ट आठवली. एका पावसाळ्यात कविता सुचत नव्हती, तेव्हा मी तीन शाईची पेनं आणि एक जाड कागदाची वही आणली होती. अक्षर सुंदर आलं. कविता आली नाही.

मग मी तिला एक काम सांगितलं. एका वहीत रोज दोन आकडे लिहायचे. कॉम्प्युटरपुढे किती वेळ बसलीस, आणि त्यातला किती वेळ हात खरोखर तारांवर होता. अठरा रात्रींची बेरीज आली. बसली 27 तास, वाजवलं 7 तास. 8,400 ला 7 ने भागलं, तासाला 1,200 रुपये पडले. ती ज्या सरांकडे शिकते त्यांची फीसुद्धा एवढी नाही. बेरीज बघून ती गप्प झाली. मला वाटतं, सॉफ्टवेअर महाग की स्वस्त हे पाहण्याची खरी रीत हीच. किंमत छापलेली असते; मोल मात्र वाजवलेल्या तासांनी ठरतं.

तेव्हा आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला धडा असा मिळाला की सॉफ्टवेअरच्या आधी दाराची चौकट नीट हवी. गिटारची वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालून चालत नाही. आवाज मलूल येतो. मध्ये 'ऑडिओ इंटरफेस' नावाची छोटी पेटी लागते. तिच्यावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेली जागा असायला हवी, गिटारची नाजूक वीज तिथेच नीट स्वीकारली जाते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायरी आणि खटके हवे तेवढे मिळतात, पण ही पेटी वाद्यांच्या दुकानातून, हे भोक दाखवून घ्यावी. पेटी लावल्यावर सगळ्यात जोरात छेडून बघायचं. दिवा लाल होत असेल तर आवक कमी करायची. निम्म्या लोकांचा 'वाईट टोन' या एका बटणात असतो.

दुसरी गोष्ट उशीर. तार छेडली आणि आवाज कानात आला, यांच्यामध्ये कॉम्प्युटर थोडा वेळ खातो. तो आवाजाचे सेकंदाला साधारण 48,000 तुकडे करतो आणि गठ्ठ्यागठ्ठ्याने हाताळतो. गठ्ठा 128 चा असेल तर एका फेरीला पावणेतीन मिलिसेकंद लागतात. जाणं-येणं धरलं तरी सव्वापाच, म्हणजे ॲम्प आपल्यापासून पावणेदोन मीटरवर ठेवल्यासारखं. गठ्ठा 1,024 चा केला तर जाऊन-येऊन त्रेचाळीस मिलिसेकंदांच्या आसपास. तबलजी चौदा-पंधरा मीटरवर बसवून गाण्यासारखा प्रकार! पेटीचा स्वतःचा उशीर यात मिळवायचा तो वेगळाच. सेटिंगमध्ये हा आकडा बदलता येतो. विंडोजवर त्यासाठी पेटीच्या कंपनीचा 'एएसआयओ' ड्रायव्हर टाकावा लागतो. आकडा फार लहान केला आणि कॉम्प्युटर अशक्त असला तर आवाज तडतडतो. म्हणून जुन्या लॅपटॉपवाल्याने जड सॉफ्टवेअर घेऊच नये. ते कितीही थोर असलं तरी त्याच्या घरी ते लंगडंच चालणार.

मग सॉफ्टवेअरची परीक्षा. आम्ही घड्याळ लावून पाहिलं की लॅपटॉप उघडल्यापासून पहिला ऐकण्याजोगा सूर किती मिनिटांत निघतो. पाचच्या आत निघाला तर पास. पडद्यावरची बटणं चष्म्याशिवाय वाचता येतात का? खऱ्या ॲम्पसारखी ती पाच-सहाच आहेत, की एका पानाआड दुसरं पान? तारा जुळवायची सोय आत आहे का? वाजवणं थांबलं की मागची सूं सूं बंद करणारी 'नॉइज गेट' सहज सापडते का? आणि काल ठेवलेला आवाज आज जसाच्या तसा सापडतो का? ॲम्पची संख्या आम्ही यादीत घेतलीच नाही. घरात शंभर दारं असून उपयोग काय, आपण जातो-येतो एकाच दारातून.

पैशाचा हिशोब करताना छापील किमतीच्या पलीकडे पाहावं लागतं. दर बहुधा डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये. वर कर आणि कार्डाचं विनिमय शुल्क. कायमचा परवाना आहे की महिन्याचं भाडं? भाडं थांबलं तर आवाजही थांबतो. लॅपटॉप बदलला तर परवाना नव्यावर नेता येतो का? नवी आवृत्ती आली की पुन्हा पैसे किती? 2019 साली ॲपलने कॅटालिना आवृत्तीत जुनी 32 बिट सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं, तेव्हा पुष्कळांनी विकत घेतलेली जुनी साधनं एका रात्रीत मुकी झाली. म्हणून 'कायमचा' हा शब्दसुद्धा जपून वाचावा. उलट बाजूही आहे. बऱ्याच कंपन्या काही दिवस फुकट वापरून बघू देतात. न्यूरल डीएसपी चौदा दिवस देते. नोव्हेंबरच्या अखेरीस सवलती निघतात, घाई नसेल तर थांबावं. इंटरफेसच्या पेटीबरोबर पुष्कळदा एखादं लहान ॲम्प सॉफ्टवेअर मिळतं, ते लोक उघडूनही पाहत नाहीत. आणि ज्याच्याकडे मॅक किंवा आयपॅड आहे, त्याच्याकडे गॅरेजबँड आहेच. त्याने आधी त्यावर महिनाभर वाजवावं, मग खिशात हात घालावा.

एक मोह मध्येच दारात आला. भाचीचा एक वर्गमित्र पेनड्राइव्ह घेऊन आला, "सगळी सॉफ्टवेअर यात आहेत, क्रॅक केलेली." मी उपदेश केला नाही. मी तिला माझाच कवितासंग्रह दाखवला, झेरॉक्स केलेला. तो मला कुणीतरी कौतुकाने सही करायला दिला होता. सही केली, पण हात जड झाला होता. तिने पेनड्राइव्ह परत केला. शिवाय अशा फाइलींतून व्हायरस घुसतो हे व्यवहाराचं कारण आहेच. आणि मुळात चांगली वस्तू फुकट आणि राजरोस मिळत असताना चोरायची कशाला?

शेवटी तिने ते फुकटचं न्यूरल ॲम्प मॉडेलर ठरवलं. ते बसवायला एक रविवार गेला. त्याच्यात तयार काही नसतं. कॅप्चर आणि पेटीची सही आपण शोधून घालायची. मी इंग्रजी सूचना मोठ्याने वाचत होतो, ती बटणं दाबत होती. अशी कॅप्चर हजारोंनी फुकट मिळतात, म्हणजे पुन्हा तोच खड्डा. म्हणून आम्ही नियम केला: एक आवाज स्वच्छ, एक खरखरीचा, एक पेटी. बस्स. परीक्षा होईपर्यंत चौथी फाइल नाही. नंतरच्या अठरा रात्रींची बेरीज वहीत आहे. बसली 20 तास, वाजवलं 17 तास. गाणी दोन बसली.

याचा अर्थ सगळ्यांनी फुकटचंच घ्यावं असा नाही. ज्याला रविवारभर सूचना वाचायचा कंटाळा आहे, त्याने पैसे देऊन तयार आवाजांचं, एका-दोन ॲम्पचं सुटसुटीत सॉफ्टवेअर घ्यावं. तो पैसा आवाजाचा नसतो, वाचलेल्या वेळाचा असतो आणि तो देणं रास्त आहे. जो रेकॉर्डिंगचा व्यवसाय करतो त्याला पन्नास ॲम्प खरोखर लागतील. शिकणाऱ्याला लागत नाहीत. आणि पालकांनो, एक लक्षात ठेवा. हेडफोनमुळे शेजारी वाचतात, कान आपोआप वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही सुरक्षित हद्द. आवाज वाढवला तर हे तास झपाट्याने घटतात.

परवा रात्री मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. अकरा वाजले असतील. बाहेरच्या खोलीत अंधार, लॅपटॉपचा उजेड, आणि तारांची नुसती टिकटिक. दादी पाणी प्यायला उठल्या. थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बेटा, ही रोज काय खुडत बसतेस?" भाचीने हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला आणि एक सूर छेडला. दादींनी दचकून हात छातीला लावला. मग हेडफोन घट्ट धरून म्हणाल्या, "थांबू नको." भाचीने वाजवलं. मला मात्र ती टिकटिकच ऐकू आली. मेहुणे आतून म्हणाले, "झोपा आता." गिटार विकायचं मात्र ते बोलले नाहीत.